रेकानातीच्या वाड्यातील मुले

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, आन्कोना बंदराच्या दक्षिणेस, मार्के नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. त्यातील एका लांबट टेकडीच्या माथ्यावर रेकानाती हे लहानसे गाव वसले आहे. एका अंगास एड्रियाटिक समुद्राची निळी रेघ, दुसऱ्या अंगास आपेनाइन पर्वताच्या रांगा आणि खाली उतारावर गव्हाची शेते व द्राक्षांचे मळे. जवळच लोरेतो हे ख्रिस्ती भाविकांचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा सारा मुलूख पोपच्या राज्यात मोडत असे. या गावातील एका सरदारी वाड्यात २९ जून १७९८ रोजी जाकोमो लेओपार्दी याचा जन्म झाला. पुढे इटालियन भाषेतील थोर कवींत त्याची गणना झाली. परंतु येथे विचार करावयाचा तो त्या कवीचा नव्हे, तर त्या वाड्यात वाढलेल्या मुलाचा आणि त्याच्या भावंडांचा.

राजांच्या लढाया आणि तह इतिहासात तपशिलाने नोंदले जातात. पण एखाद्या घरातील मुले सकाळी काय करीत, कोणाला भीत, कोणत्या खिडकीशी उभी राहत, हे सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. रेकानातीचा हा वाडा त्याला अपवाद आहे. या घरातील बहुतेक सारी माणसे लिहिणारी होती. बापाने आत्मचरित्र लिहिले. थोरल्या मुलाने शेकडो पत्रे आणि हजारो पानांची एक टिपणवही मागे ठेवली. धाकट्या भावाने म्हातारपणी आठवणी सांगितल्या. बहिणीने मैत्रिणींना गुप्तपणे पत्रे लिहिली. एकच घर चौघांच्या नजरेतून पाहण्याची अशी संधी क्वचितच लाभते.

बाप म्हणजे काउंट मोनाल्दो लेओपार्दी. जाकोमो जन्मला तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. हा गृहस्थ विलक्षण विसंगतींचा पुतळा होता. तो सदैव काळा पोशाख करी आणि कमरेला तलवार लावी. इटलीत नित्य तलवार बाळगणारा शेवटचा सरदार आपणच, असा त्याला अभिमान होता. राजा, पोप आणि परंपरा यांवर त्याची अढळ निष्ठा होती. १७९७ साली नेपोलियन रेकानातीवरून गेला तेव्हा सारे गाव त्याला पाहावयास लोटले. मोनाल्दो मात्र खिडकीजवळही गेला नाही. अशा माणसाला पाहण्यासाठी सभ्य गृहस्थाने जागेवरून उठू नये, असे त्याचे मत होते. आणि तरीही देवीची लस नवी असताना, लोक तिला बिचकत असताना, हाच मोनाल्दो ती आपल्या गावात आणण्यास पुढे सरसावला आणि प्रथम त्याने आपल्याच मुलांना ती टोचवून घेतली. मुलांवर त्याचे प्रेम होते, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

परंतु व्यवहार त्याला साधला नाही. तरुणपणी हाती आलेली इस्टेट त्याने उधळेपणाने आणि फसलेल्या सौद्यांनी बुडीत काढली. १८०३च्या सुमारास कर्ज इतके वाढले की मिळकतीची व्यवस्था त्याच्या हातून काढून घ्यावी लागली, आणि घराच्या किल्ल्या त्याची पत्नी आदेलाइदे आंतीची हिच्या कमरेला आल्या. त्या किल्ल्या पुढे तिने कित्येक दशके सोडल्या नाहीत. काटकसर करीत तिने कर्ज फेडत आणले, लेओपार्दी घराणे सावरले. पण त्या काटकसरीची किंमत साऱ्या घराला मोजावी लागली. घरधनी काउंट खरा, पण पुस्तकाला किंवा मुलाच्या प्रवासाला पैसे हवे असतील तर त्यालाही पत्नीकडे पाहावे लागे.

आदेलाइदेची धार्मिकताही तिच्या हिशेबासारखीच कठोर होती. जाकोमोने १८२० साली आपल्या टिपणवहीत नाव न घेता एका मातेचे चित्र रेखाटले आहे. ज्यांची तान्ही मुले दगावली त्या आईबापांची कीव करण्याऐवजी ही माता त्यांचा हेवा करी. कारण ती बालके पाप करण्याआधीच स्वर्गात पोचली आणि आईबाप त्यांच्या पालनपोषणाच्या काळजीतून सुटले. मुलांच्या अंगी रूप नाही हे पाहून ती देवाचे आभार मानी. हे चित्र त्याच्या स्वतःच्याच आईचे आहे, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. मुलांना तिचा मार आठवत नाही. आठवते ती तिची नजर.

अशा या घरात जाकोमो, त्याच्याहून वर्षभराने लहान कार्लो आणि १८०० साली जन्मलेली पाओलिना ही तिघे एकत्र वाढली. लुइजी आणि पिएरफ्रांचेस्को हे भाऊ पुष्कळ मागाहूनचे. तिघांचे बालपण मात्र कोमेजलेले नव्हते, हे सांगितले पाहिजे. वाड्याच्या बागेत ती रोमन लढायांचे खेळ खेळत. जाकोमो नेहमी सेनापती होई, आणि त्याचे ठोसे किती सणसणीत बसत याची आठवण कार्लोने पुढे मोठ्या कौतुकाने सांगितली आहे. इटलीत ६ जानेवारीच्या सणाच्या आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी मुलांसाठी खाऊ आणि भेटी घेऊन येते, अशी समजूत आहे. अकरा वर्षांच्या जाकोमोने १८१० साली या बेफानाच्या नावाने घराच्या ओळखीतील एका मार्केझा बाईंना थट्टेचे पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. पुढे ज्याला लोकांनी केवळ दुःखाचा कवी ठरविले, त्याच्या लेखणीतला हा खट्याळपणा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मुलांना शाळेत पाठविण्याचा प्रश्नच नव्हता. शिक्षक घरी राहत. १८०७पासून सेबास्तियानो सांकीनी नावाचा धर्मगुरू त्यांना शिकवीत असे. पाओलिनाही भावांच्या बरोबरीने लॅटिन शिकली, ही त्या काळी मुलीच्या वाट्याला क्वचितच येणारी गोष्ट होती. ठरावीक काळाने वाड्याच्या दालनात पाहुण्यांसमोर मुलांची तोंडी परीक्षा होई. जुलै १८१२मध्ये अशी एक परीक्षा झाली आणि त्यानंतर सांकीनीचे शिकविणे थांबले. कारण चौदा वर्षांच्या जाकोमोला शिकविण्यासारखे त्याच्यापाशी काही उरले नव्हते. त्याच वर्षी नाताळात जाकोमोने वडिलांना भेट म्हणून स्वतः रचलेले एक शोकनाट्य दिले. विषय होता इजिप्तमध्ये गेलेला रोमन सेनापती पॉम्पे. इतर घरांतील मुले वडिलांना शुभेच्छा देत. या घरातील मुले तीन अंकांचा विचार करीत.

आता या घरातील सर्वांत महत्त्वाच्या जागेकडे, म्हणजे ग्रंथालयाकडे वळले पाहिजे. व्यवहारात हरलेल्या मोनाल्दोने आपली सारी महत्त्वाकांक्षा पुस्तकांत ओतली. फ्रेंच अमलात अनेक मठ बंद पडले, त्यांची ग्रंथसंपदा बाजारात आली, आणि मोनाल्दोने ती जमेल तशी गोळा केली. त्याच्या हयातीत हजारो ग्रंथ जमले. आज तेथे सुमारे वीस हजार आहेत. १८१२ साली त्याने हे ग्रंथालय सर्वांना खुले केले आणि ते मुलांसाठी, मित्रांसाठी व नगरवासीयांसाठी आहे, अशा अर्थाचा लॅटिन लेख तेथे कोरविला. नगरवासी फारसे फिरकले नाहीत. मित्रही थोडेच आले. मुलांपैकी एक मात्र आत शिरला, तो जणू बाहेर आलाच नाही.

१८०९ ते १८१६ ही सात वर्षे जाकोमोने या दालनांत वेड्यासारखी वाचनात घालविली. अनेक भाषांतील पाठ शेजारी शेजारी छापलेले बायबल समोर घेऊन तो ग्रीक आणि हिब्रू आपल्या आपण शिकला. पंधराव्या वर्षी, १८१३ साली, त्याने खगोलशास्त्राचा विस्तृत इतिहास लिहिला. १८१५ साली प्राचीन लोकांच्या भ्रामक समजुतींवर ग्रंथ लिहिला. रात्री जाग आली की दिव्याची वात विझत आलेली असे, आणि शेवटचा क्षणही वाया जाऊ नये म्हणून जाकोमो मेजापाशी गुडघे टेकून लिहीत असलेला दिसे, असे कार्लोने सांगितले आहे.

बापाला याचा किती अभिमान होता! चर्चने निषिद्ध ठरविलेली पुस्तके मुलाला वाचता यावीत म्हणून मोनाल्दोने १८१३ साली खास परवाना मिळविला. ३१ ऑगस्ट १८१४ रोजी जाकोमोने ग्रीक तत्त्वज्ञ प्लोटायनस याच्या चरित्रावरील आपले संशोधन वडिलांना अर्पण केले, तेव्हा मोनाल्दोने हस्तलिखितावर स्वहस्ते नोंद केली: या मुलाला ग्रीकचा शिक्षक मिळालेला नाही, आणि आज त्याचे वय सोळा वर्षे, दोन महिने, दोन दिवस आहे. वर्षे सांगून जो बाप थांबत नाही, महिने आणि दिवसही मोजतो, त्याच्या मायेचे आणखी प्रमाण काय द्यावे? परंतु दिवस मोजणाऱ्या या बापाला मुलाची पाठ वाकू लागलेली दिसली नाही, किंवा दिसूनही तिचा अर्थ कळला नाही.

वाढीच्या वयातच जाकोमोच्या पाठीला बाक आला, दृष्टी अधू झाली. अतिवाचनाने आपण आपल्या शरीराचा नाश करून घेतला, असे तो स्वतः मानी. आजचे वैद्य तसे मानीत नाहीत. मणक्याचा क्षय की अस्थिसंधींचा दुसरा एखादा विकार, एवढाच त्यांच्यात मतभेद आहे. पण रोग कोणताही असो, तो मुलगा उन्हात आणि मोकळ्या हवेत फारसा फिरला नाही, हे खरेच. गावातील पोरे त्याच्या पाठीवरून टवाळी करीत. १८१० सालीच विधिपूर्वक त्याचे केस कापून त्याला धर्मसेवेच्या मार्गावर ठेवण्यात आले होते, आणि खेळकर वयात तो धर्मगुरूंचा काळा झगा घालून वावरत होता. घराच्या योजनेत त्याची जागा आधीच ठरलेली होती.

आणि येथेच या घरातील मुख्य विसंगती दिसते. ज्या बापाने मुलाला जगातील सारी पुस्तके दिली, त्याने त्याला घराचा दरवाजा दिला नाही. ग्रीस, रोम, ग्रहतारे यांत मुक्त संचार करणाऱ्या या मुलाला रेकानातीच्या रस्त्यावर एकट्याने जाण्याची मुभा नव्हती. बरोबर शिक्षक किंवा घरचे कोणी तरी हवेच. मग उरे ती खिडकी. ग्रंथालयासमोरच्या लहानशा चौकापलीकडे वाड्याच्या गाडीवानाचे कुटुंब राहत असे. त्याची मुलगी तेरेसा फात्तोरीनी जाकोमोहून किंचित मोठी होती. १८१८च्या सप्टेंबरात क्षयाने तिचा अंत झाला. दहा वर्षांनी लिहिलेल्या ‘सिल्व्हियास’ या कवितेत मागावर काम करता करता गाणारी मुलगी आणि वडिलांच्या वाड्यातून तो आवाज ऐकणारा मुलगा येतात, त्यांचे मूळ या चौकात असल्याचे मानले जाते. दोन घरांमधील अंतर हाकेचे होते. पण ते ओलांडण्याचा रिवाज नव्हता.

डिसेंबर १८१७मध्ये मोनाल्दोची एक नातलग, पेसारो येथील जेर्त्रूदे कास्सी ही विवाहित स्त्री, तीन दिवसांसाठी वाड्यावर उतरली. एकोणीस वर्षांचा जाकोमो तिच्याबरोबर बुद्धिबळ खेळला, दोन शब्द बोलला, आणि पहाटे तिची गाडी निघाल्याचा आवाज अंथरुणातून ऐकत राहिला. नंतर अनेक दिवस त्याने आपल्या मनाची अवस्था शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने लिहून ठेवली. ज्या घरात पाहुणी तीन दिवस येणे ही एवढी मोठी घटना ठरते, त्या घरातील इतर दिवस कसे जात असतील हे वेगळे सांगावयास नको.

बाहेरच्या जगाचा वारा आला तो टपालातून. १८१७ साली जाकोमोने आपले एक भाषांतर विख्यात साहित्यिक पिएत्रो जोर्दानी याला पाठविले आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सप्टेंबर १८१८मध्ये जोर्दानी स्वतः रेकानातीस आला. तो खाणावळीत उतरल्याचे कळताच जाकोमो कोणाला न विचारता धावत त्याला भेटावयास गेला. तोपर्यंत हा मुलगा एक क्षणही एकटा घराबाहेर पडला नव्हता, असे मोनाल्दोनेच लिहून ठेवले आहे. तेव्हा त्याचे वय वीस वर्षांचे होते. जोर्दानी परतला, पण त्याने आपल्या मुलांची मने बदलून टाकली, हा सल मोनाल्दोच्या मनात कायम राहिला. मुलांची मने मुळात कोणी बंद केली होती, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःस विचारलेला दिसत नाही.

पुढील वर्षी डोळ्यांच्या विकाराने जाकोमोचे वाचन कित्येक महिने बंद पडले. पुस्तके होती तोवर कोंडवाडा सुसह्य होता. आता नुसता कोंडवाडा उरला. जुलै १८१९मध्ये त्याने माचेराता येथील एका परिचित सरदाराकडे गुपचूप पारपत्राची मागणी केली. मिलानकडे निघून जावयाचे असा बेत होता. वडिलांस आणि भाऊ कार्लोस द्यावयाची निरोपाची पत्रेही लिहून तयार होती. पण बेत आडवाटेने मोनाल्दोच्या कानी गेला. त्याने आरडाओरड केली नाही, मुलाला कोंडले नाही. पारपत्र आपल्याकडे मागवून घेतले आणि जाणे न जाणे मुलाच्याच विवेकावर सोपविले. जाकोमो गेला नाही. उघड्या दरवाजातून जाणे त्याला कुलूप तोडण्याहून कठीण वाटले.

वडिलांना लिहिलेले ते पत्र फार दीर्घ आहे, आणि त्यात शिवी नाही. आपल्या मुलांच्या बुद्धीची सारे जग वाखाणणी करते, पण वडील तिच्यावर भरवसा ठेवीत नाहीत. घराणे आणि कुळ नावाच्या एका कल्पनेसाठी जिवंत मुलांचे आयुष्य खर्ची पडत आहे. अशी त्याची तक्रार आहे. त्याच वेळी वडिलांच्या प्रेमाविषयी कृतज्ञता आहे, क्षमायाचना आहे. हे पत्र कार्लोने आपल्यापाशी ठेवून घेतले; मोनाल्दोच्या हाती ते कधीच पडले नाही. ज्या घरात प्रत्येक जण लिहीत होता, त्या घरात जे पत्र पोचावयास हवे होते तेवढेच पोचले नाही.

जाकोमोला पुढे दरवाजा सापडला. १८२२च्या नोव्हेंबरात तो मामाच्या कुटुंबाबरोबर रोमला गेला. काही महिन्यांनी परतला, पुन्हा गेला, आणि १८३०मध्ये जो निघाला तो रेकानातीस परत आला नाही. कार्लोने १८२९ साली आईबापांच्या मर्जीविरुद्ध विवाह केला आणि वाडा सोडला. घरात राहिली ती पाओलिना. १८२१ साली तिचा विवाह ठरला होता. जाकोमोने त्यासाठी कविताही लिहिली. पण तो विवाह झाला नाही, आणि त्यानंतरही कोणताच जुळला नाही. आई तिच्या पत्रांवर नजर ठेवी, म्हणून मैत्रिणींची पत्रे तिला जुने शिक्षक सांकीनी यांच्या मार्फत गुप्तपणे मिळवावी लागत. बाप मनाने चांगला आहे, पण आईसमोर उभे राहण्याचे धैर्य त्याच्यात नाही, असे तिने लिहिले आहे.

भावांसारखेच लॅटिन शिकलेली ही स्त्री वडिलांच्या नियतकालिकासाठी फ्रेंचमधून मजकूर भाषांतरित करीत असे. १८३२ साली तिचे एक भाषांतर प्रसिद्ध झाले. मूळ पुस्तक झाव्हिए द मेस्त्र या फ्रेंच लेखकाचे, आणि नाव ‘माझ्या खोलीभोवतीचा रात्रीचा प्रवास’. तिच्या वाट्याला आलेला प्रवास तेवढाच होता. १८३७ साली तिने संगीतकार मोझार्टचे छोटे चरित्रही प्रसिद्ध केले. १८५७ साली आदेलाइदे वारली, आणि सत्तावन्न वर्षांची पाओलिना इटली पाहावयास बाहेर पडली. १८६९ साली, पिसा या शहरी, प्रवासातच तिचे निधन झाले. भावाच्या दुःखाला वाणी होती म्हणून ते जगाने ऐकले. बहिणीचे दुःख पत्रांच्या गठ्ठ्यात राहिले.

या कथेत खलनायक शोधणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आदेलाइदेने बुडते घराणे तारले. तिने तसे केले नसते तर ते ग्रंथालय कदाचित लिलावात निघाले असते आणि जाकोमोच्या हाती होमर पडलाच नसता. मोनाल्दोने मुलासाठी जे केले ते त्या काळच्या क्वचितच एखाद्या बापाने केले असेल. बापलेकांचा पत्रव्यवहारही अखेरपर्यंत चालला. नेपल्सहून २७ मे १८३७ रोजी जाकोमोने वडिलांना लिहिलेल्या पत्रात आदर आहे, ओढ आहे. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, १४ जून रोजी, एकोणचाळिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, तो मृत्यू पावला. मोनाल्दो त्याच्यामागे दहा वर्षे जगला.

चूक झाली ती प्रेमाच्या अभावी नव्हे. मुलाला काय द्यावे हे त्या बापाला उत्तम कळले होते. मुलाला केव्हा जाऊ द्यावे हे कळले नाही. ज्ञान दिले की त्याच्या मागोमाग स्वातंत्र्याची भूक येते, आणि ती भूक पुस्तकांच्या कपाटाने भागत नाही. हा धडा रेकानातीपुरता किंवा एकोणिसाव्या शतकापुरता नाही.

तो वाडा आजही उभा आहे आणि लेओपार्दी घराण्याकडेच आहे. ग्रंथालयाची दालने पाहावयास देशोदेशीचे लोक येतात. मोनाल्दोने ज्यांच्यासाठी दरवाजा उघडला होता ते नगरवासी तेव्हा आले नाहीत. आता सारे जग येते. येणारा प्रत्येक जण प्रथम पुस्तके पाहतो, आणि मग न चुकता त्या खिडकीपाशी जाऊन खालच्या लहानशा चौकाकडे पाहतो.